राजा बदलतो, वतन राहतं : सिंदखेडच्या जाधवरावांचं घराणं

(खामगाव येथे झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)



सुरुवातीलाच एक कबुली देतो. मी इतिहासाचा माणूस नव्हे. आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं. मोडी मला अडखळत वाचता येते, फारसी तर येतच नाही. तेव्हा कुठला नवा कागद मी घेऊन आलेलो नाही. जे अभ्यासकांनी छापून ठेवलं आहे त्याच्याच आधारे बोलणार आहे. मग तुम्ही म्हणाल, बोलता कशाला? तर त्याला कारण आहे एक प्रश्न.

मागच्या खेपेला व्याख्यान संपल्यावर अकरावी-बारावीतला एक मुलगा माझ्याकडे आला आणि हळूच म्हणाला, "सर, लखुजीराजे फितूर होते का हो?" मी त्याला म्हटलं, बाबा, याचं उत्तर उभ्याउभ्या देता येत नाही. "हो" म्हटलं तर खोटं, "नाही" म्हटलं तरी अर्धंच खरं. पुढच्या वेळी बसून बोलू. तर आज बसलो आहोत. तो मुलगा आलाय की नाही ठाऊक नाही, पण उत्तर त्याचंच आहे.

गावांच्या नावात राहिलेला राजा

आपण खामगावकर म्हणजे घाटाखालचे. चिखलीमार्गे घाटावर गेलं, पुढे जालन्याच्या दिशेनं निघालं, की गावांची नावं बदलायला लागतात. देऊळगाव राजा. सिंदखेड राजा. जरा आडवाटेला गेलात तर मेहुणा राजा, आडगाव राजा, किनगाव राजा. एकाच टापूत इतके "राजा" महाराष्ट्रात दुसरीकडे क्वचितच सापडतील. एस.टी.च्या पाट्या वाचत आपण जातो, पण विचारत नाही की हा राजा कोण.

हा राजा म्हणजे जाधवराव. सिंदखेडची देशमुखी ज्यांच्याकडे होती ते घराणं. त्यांच्या शाखा या गावांतून नांदल्या आणि गावांच्या नावामागं त्यांचं "राजे"पण चिकटलं. ते गेलं, वाडे पडले, नाव राहिलं.

सिंदखेडला तुम्ही पुष्कळ जण गेला असाल. १२ जानेवारीला तर लाखांनी माणसं जातात. लखुजीरावांचा वाडा, जिजाऊंचं जन्मस्थान, मोती तलाव, चांदणी तलाव, नीळकंठेश्वराचं आणि रामेश्वराचं देऊळ, आणि लखुजींची ती भलीमोठी घुमटाची समाधी. माझा अनुभव असा की लोक जन्मस्थानापुढे नतमस्तक होतात, फोटो काढतात आणि समाधीकडे एक नजर टाकून परततात. आज मला त्या समाधीपाशी थोडं थांबायचं आहे. कारण घराण्याची सगळी गोष्ट तिथं आहे.

यादव की जाधव?

पहिला मुद्दा वंशाचा. हे जाधव स्वतःला देवगिरीच्या यादवांचे वंशज म्हणवतात. यादवांची सत्ता अल्लाउद्दीन खिलजीच्या १२९६ च्या स्वारीनंतर डळमळली आणि १३१८ च्या सुमारास हरपालदेवाच्या वधाबरोबर संपली. लखुजी ठळकपणे दिसतात ते सोळाव्या शतकाच्या अखेरीला. म्हणजे मध्ये सुमारे अडीचशे वर्षं गेली. या अडीचशे वर्षांत पिढीमागून पिढी जोडणाऱ्या वंशावळी आहेत, पण वंशावळ कुणी, कधी आणि कशासाठी लिहिली हे विचारावंच लागतं.

इथं जरा लांबचं उदाहरण देतो. युरोपात हंगेरीच्या राज्यात आबा नावाचं एक बलाढ्य कुळ होतं. शामुएल आबा नावाचा राजा तिथं १०४१ ते १०४४ गादीवर होता, तो याच कुळाचा मानतात. हंगेरीच्या बखरकारांनी या कुळाची नाळ थेट हूणांचा अट्टिला आणि त्याचा मुलगा चाबा यांच्याशी जोडली. अट्टिला वारला ४५३ मध्ये! मधली सहाशे वर्षं कशी भरली, हा प्रश्न त्या काळी कुणाला पडला नाही. पडायचं कारणही नव्हतं. वंश सांगणं ही त्या काळची सनदच होती. आम्ही कालचे नाही, आमचा हक्क जुना आहे, एवढं त्यातून सांगायचं असे.

आणि गंमत पाहा. तिथंही कुळाच्या शाखा गावांच्या नावानं ओळखल्या जाऊ लागल्या. गुटकेलेड कुळाची एक शाखा बातोर गावात राहिली, ती झाली बातोरी. आपल्याकडे सिंदखेडकर, देऊळगावकर, तसंच. माणसाला कूळ असतं, पण कुळाला पाय टेकायला जमीन लागते.

म्हणून वंशावळ खरी की खोटी या वादात मी फार शिरत नाही. माझ्या दृष्टीनं महत्त्वाचं हे की सतराव्या शतकातला समाज तो दावा मानत होता, आणि दावा मानला गेला की त्याची ताकद खरीच असते.

वतन आणि जहागीर

आता मुख्य गाठ. ही सुटली की पुढचं सगळं सुटेल.

सरदाराकडे दोन तऱ्हेची मिळकत असे. एक जहागीर, मोकासा, पुढच्या काळात सरंजाम म्हणू लागले ते. सुलतानाची चाकरी करा, अमुक इतके घोडेस्वार बाळगा, त्याच्या खर्चाला अमुक गावांचा वसूल घ्या. ही मिळकत सुलतान देतो, सुलतान काढूनही घेतो. दुसरी मिळकत वतन. परगण्याची देशमुखी, गावची पाटीलकी. वतन वंशपरंपरा चालतं. बापाकडून लेकाकडे, लेकाकडून नातवाकडे. भाऊबंदांत त्याच्या वाटण्या होतात, भांडणं होतात, गोतसभा बसते, महजर लिहिले जातात. राज्य कुणाचंही आलं तरी नव्या राजाकडून फर्मान करून घ्यायचं आणि वतन पुढे चालवायचं.

म्हणजे काय झालं? जहागीर ही चाकरी आणि वतन हे घर. चाकरी सुलतानाची, पण जीव घरात अडकलेला. निजामशाही १४९० ची, बुडाली १६३६ ला. दीडशे वर्षं सुद्धा पुरती झाली नाहीत. देशमुखाच्या नजरेनं पाहा : शाह्या येतात, जातात, परगणा इथंच आहे, पांढरीतली रयत इथंच आहे, पूर्वजांच्या समाध्या इथंच आहेत. राजा बदलतो, वतन राहतं.

रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात या वतनदारांबद्दल फार सडेतोड लिहिलं आहे. भाव असा की ही मंडळी नावाला वतनदार, खरं पाहता छोटे राजेच. बळ वाढवावं, मुलूख दाबावा आणि परचक्र आलं की वतनाच्या लोभानं त्याच्याशी सलूख करावा, हा त्यांचा स्वभाव. अमात्यांनी हे राज्य चालवणाऱ्याच्या बाजूनं लिहिलं. पण रोग अचूक ओळखला.

बाळापूर, भातवडी, दौलताबाद

आता लखुजींकडे येऊ. निजामशाहीतले ते पहिल्या फळीचे सरदार. वजीर मलिक अंबरानं मोगलांना बरीच वर्षं झुंजवलं, त्या काळातले. अंबर मोठा कर्तबगार, पण दरबारात सगळा धाक त्याचा, त्यामुळे जुने सरदार नाराज. १६१५-१६ च्या हंगामात निजामशाहीतले काही सरदार फुटून मोगल सेनापती शाहनवाजखानाला जाऊन मिळाले. जहांगीर बादशहाच्या आत्मचरित्रात त्यांची नावं आहेत आणि त्यात "जादूनराय" आहे. तेच आपले जाधवराव. आणि हे घडलं कुठं? बाळापूरला! इथून अकोल्याकडे निघालं की लागतं तेच बाळापूर. त्यानंतर लगेच जालन्याजवळ रोशनगावला लढाई होऊन अंबराचा पराभव झाला.

पुढे शाहजादा खुर्रम, म्हणजे नंतरचा शाहजहान, दक्षिणेत आला तेव्हापासून लखुजी मोगली मनसबदार म्हणून दिसतात. शाहजहानच्या दरबारी इतिहासकारानं एक आकडा दिला आहे. जाधवराव, त्यांचे मुलगे, नातू आणि आप्त मिळून २४,००० जात आणि १५,००० स्वार. हा आकडा एका माणसाचा नाही, अख्ख्या घराण्याचा आहे. मोगलांनी माणूस विकत घेतला नव्हता, कूळ चाकरीला ठेवलं होतं. हिशेबच कुळाचा होता. हे ध्यानात ठेवा, कारण पुढे मारलं गेलं तेही कूळच.

१६२४ मध्ये अहमदनगरजवळ भातवडीची लढाई झाली. मलिक अंबरानं मोगल आणि विजापूरकर दोघांना एकदम हरवलं. त्या दिवशी निजामशाही फौजेत शहाजीराजे भोसले होते, त्यांचे बंधू शरीफजी होते. शरीफजी तिथंच पडले. आणि समोर मोगलांच्या बाजूला लखुजी जाधवराव. जावई इकडे, सासरा तिकडे.

त्या आधीची खंडागळ्यांच्या हत्तीची गोष्ट तुम्ही ऐकली असेल. परमानंदाच्या शिवभारतात ती सविस्तर आहे. दरबार सुटला, हत्ती बिथरला, त्यावरून जाधव आणि भोसले यांच्यात जुंपली. लखुजींचा मुलगा दत्ताजी मारला गेला, मारणारा भोसल्यांचा संभाजी. आणि त्या संभाजीला मग लखुजींनी मारलं. जिजाऊंच्या बाजूनं विचार करा. भाऊ गेला, त्याला मारणारा दीर. दीर गेला, त्याला मारणारा बाप. माहेर आणि सासर हे शब्द आपण किती सहज वापरतो!

शाहजहान गादीवर आल्यावर लखुजी पुन्हा निजामशाहीकडे वळले. अंबर १६२६ मध्ये वारला होता, दरबार खिळखिळा झाला होता, मूर्तजा निजामशहा संशयानं पछाडलेला. २५ जुलै १६२९. दौलताबादच्या किल्ल्यावर लखुजींना दरबारात बोलावलं. ते मुलांनिशी मुजऱ्याला गेले आणि तिथंच दगा झाला. लखुजी, मुलगे अचलोजी आणि राघोजी, नातू यशवंतराव. एका दिवशी, एका ठिकाणी, तीन पिढ्या. एकट्या लखुजींना मारून निजामशहाचं भागलं नसतं, कारण दुसऱ्या दिवशी अचलोजी जाधवराव झाले असते. कूळ म्हणून जी ताकद होती, तीच कूळ म्हणून जिवावर बेतली.

हंगेरीत आबा कुळाचा आमादे हा आपल्या टापूत राजासारखाच वागत होता. त्याला १३११ मध्ये काश्शा शहराच्या नागरिकांनी मारलं आणि पुढच्या वर्षी रोझगोनीच्या लढाईत चार्ल्स रॉबर्ट राजानं त्याच्या मुलांची ताकद मोडली. तिथं निदान त्या पाडावातून राजसत्ता बळकट झाली. निजामशहाला मात्र काहीच साधलं नाही. लखुजींची पत्नी, भाऊ जगदेवराव आणि मुलगा बहादूरजी ही मंडळी सिंदखेडला निघून गेली आणि लवकरच मोगलांना मिळाली. शहाजीराजांनीही निजामशाही सोडली, मोगलांची पाच हजारी मनसब घेतली. सात वर्षांत निजामशाही संपली.

आता तारखांचा एक हिशेब करा. लखुजींचा खून २५ जुलै १६२९. शिवाजी महाराजांचा जन्म शिवनेरीवर १९ फेब्रुवारी १६३०. मध्ये सात महिन्यांपेक्षा थोडे कमी दिवस. म्हणजे बाप, दोन भाऊ आणि भाचा एका दिवशी मारले गेल्याची बातमी आली तेव्हा जिजाऊ नुकत्याच दिवस गेलेल्या होत्या. त्यांना काय वाटलं हे कुठल्या कागदात नाही आणि मी ते रचून सांगणार नाही. तारखाच पुरेशा आहेत.

मग फितूर कोण?

आता त्या मुलाचा प्रश्न. फितूर होते का?

तत्त्वज्ञानात आमची एक सवय असते. प्रश्नाचं उत्तर देण्याआधी प्रश्नातला शब्द उलटून पाहायचा. फितुरी म्हणजे ज्याच्याशी निष्ठा असायला हवी त्याच्याशी प्रतारणा. मग निष्ठा कुणाशी असायला हवी होती? निजामशहाशी? का? तो त्यांचा धनी होता म्हणून. पण धनी आणि चाकर यांच्यात करार असतो, आणि करार दोन्ही बाजूंनी असतो. ज्या धन्यानं दरबारात बोलावून तीन पिढ्या कापल्या, त्याच्याशी निष्ठा हा शब्द लावायचा कसा? मोगलांशी? ते तर परके. मुलखाशी? आज आपण "देश" म्हणतो ती वस्तू १६१६ मध्ये बाळापूरच्या छावणीत कुणाच्या डोक्यात नव्हती. होता तो परगणा, होतं ते वतन, होतं ते कूळ. आणि कुळाशी लखुजी कधीच फितूर झाले नाहीत.

इथं थांबलो तर मी वकिली केली असं होईल. दुसरी बाजूही आहे. कुळाशी निष्ठा ही निष्ठाच, पण ती अपुरी निष्ठा. तिच्यात रयतेला जागा नाही. बाळापूरपासून जालन्यापर्यंत, घाटावर आणि घाटाखाली, या फौजा वर्षानुवर्षं फिरल्या. सरदारानं बाजू बदलली की त्याची मनसब वाढायची, कुणब्याचं पीक मात्र दोन्ही बाजूंचे घोडे खायचे. लखुजींना मी फितूर म्हणणार नाही. पण ज्या व्यवस्थेत इतका शूर आणि मातब्बर माणूस कुळापलीकडं पाहू शकत नव्हता, ती व्यवस्था निर्दोष होती असंही म्हणणार नाही.

आणि हे ज्यांनी सर्वांत जवळून पाहिलं त्या जिजाऊ. त्यांच्या मुलानं पुढं काय केलं? वतनदारांचे वाडे-हुडे मोडले, सरदारांना मुलूख तोडून देण्याऐवजी रोख वेतनावर भर दिला, वसूल सरकारी कारकुनांमार्फत आणला. सभासद बखरीत हे वर्णन आहे. नवी वतनं देणं टाळण्याकडे महाराजांचा कल होता. मी असं म्हणत नाही की दौलताबादच्या त्या दिवसाचा हा थेट परिणाम. इतकं सरळ कारण-कार्य इतिहासात नसतं. पण सासर आणि माहेर दोन्ही वतनाच्या या खेळात होरपळलेली आई घरात असताना हा विचार पोरका नव्हता, एवढं म्हणायला हरकत नसावी.

पुढचे जाधव

घराणं संपलं नाही. सिंदखेडची मुख्य शाखा मोगली चाकरीत राहिली. अचलोजींची शाखा मात्र स्वराज्यात आली. परंपरा सांगते की त्यांचा पोरका मुलगा संताजी जिजाऊंनी वाढवला. त्याच शाखेतले धनाजी जाधव. औरंगजेबाच्या फौजांची झोप उडवणारे, मराठ्यांचे सेनापती. म्हणजे एकाच आजोबांची नातवंडं-पतवंडं एकीकडे बादशहाची मनसब खात होती आणि दुसरीकडे त्याच बादशहाशी लढत होती.

धनाजी १७०८ मध्ये वारले. त्यांचे चिरंजीव चंद्रसेन. त्यांचं बाळाजी विश्वनाथांशी बिनसलं, आधी ताराबाईंकडे गेले आणि शेवटी निजामाकडे. शंभर वर्षांनी पुन्हा तेच. शिवकाळात बांधलेला बांध सरंजामाच्या पुरात वाहून गेला होता.

१७२४ मध्ये सिंदखेडजवळच साखरखेर्ड्याला निजाम-उल-मुल्कनं मुबारिजखानाचा पराभव केला आणि हैदराबादच्या राज्याचा पाया घातला. त्यानंतर घाटावरचे जाधव निजामाच्या छायेत आले. आणि अखेर अशी : १८५१ मध्ये देऊळगावच्या बाजीराव जाधवांच्या पदरच्या अरबांची निजामाच्या कंटिंजंट फौजेशी चकमक झाली. जहागीर जप्त झाली. १८५६ मध्ये बाजीराव कैदेतच वारले. तोपर्यंत, १८५३ मध्ये, वऱ्हाड इंग्रजांकडे गेलेलं होतं. राजा बदलतो, वतन राहतं, हे गणित अडीचशे-पावणेतीनशे वर्षं चाललं आणि इंग्रजी अमलात चुकलं. या नव्या राजाला वतनदाराची गरजच नव्हती, त्याच्याकडे तहसीलदार होता. हंगेरीतही कुळाची जमीन कुळाबाहेर जाऊ नये असा १३५१ चा कायदा होता, तो १८४८ मध्ये गेला. जवळपास तोच काळ.

प्रश्नोत्तरं

एका श्रोत्यांनी विचारलं : आम्हीही जाधव आहोत, मग आम्ही त्याच घराण्याचे का?

तुम्ही असाल, नसालही. जाधव आडनाव आज अनेक जातीजमातींत आहे. पण मी उलट विचारतो. असलात तर काय बदलतं? पराक्रमाचा वाटा मागायचा असेल तर भातवडीचा, रयतेच्या उजाड शेतांचा वाटाही घ्यावा लागेल. वारसा मिळकतीसारखा असतो, कर्जासकट येतो.

एक ताई म्हणाल्या : समाधीपाशी गेल्यावर काय पाहायचं?

ताई, बांधकाम तर पाहाच, दख्खनच्या सुलतानी काळातल्या घुमटांची ती धाटणी आहे. ज्या दरबारानं मारलं त्याच दरबाराच्या शैलीत समाधी. त्या माणसांचं जगच तसं मिसळलेलं होतं. आणि मग जन्मस्थानाकडे तोंड करून जरा उभं राहा. एकीकडे मुलगी जन्मली ती जागा, दुसरीकडे बाप पुरता संपला त्याची खूण. दोन्हींमध्ये फार अंतर नाही. चालत जाता येतं.

आणि तो अकरावीतला मुलगा इथं असेल तर त्याला एवढंच : बाबा, फितूर कोण हे विचारण्याआधी, निष्ठा कुणाशी, हे विचार. आपल्या काळाबद्दलही विचार. तो प्रश्न जास्त अवघड आहे.